नजर चुकवणाऱ्या बाई

३ फेब्रुवारी

अधीक्षकबाईंची चौकशी, आणि चौकशी करणाऱ्या तिघांत मी! शिक्षण मंडळाचा फोन आला तेव्हा एका आजोबांच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवत होतो. घाईत 'हो' म्हणून टाकलं. दिवसभर त्या 'हो'ची टोचणी लागून राहिली आहे.

गावातल्या चारही शाळा बाईंच्या हाताखाली. येऊन वर्षही झालेलं नाही आणि तक्रारींचा ढीग. आधीची चांगली नोकरी मध्येच का सोडली? पदव्या खऱ्या आहेत का? रस्त्यात भेटल्या तर ओळख देत नाहीत. आणि सगळ्यांच्या तोंडी एक गोष्ट आहेच, बोलताना नजर चुकवतात. "ज्याचं मन साफ, तो डोळ्याला डोळा देतो की नाही?" हे माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून लोक मला ऐकवतात. मी मान हलवतो. का हलवतो?

माझी अडचण वेगळीच आहे. मी त्या बाईंच्या ऋणात आहे. लेक बोलताना अडखळते. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा हटूनच बसली, जाणार नाही म्हणजे नाही. बाई घरी आल्या. तिच्याजवळ बसल्या. शाळेचा विषयही काढला नाही, आमच्या मांजराबद्दल विचारलं. लेकीला एक वाक्य पुरं करायला केवढा वेळ लागला! बाई थांबल्या. मध्येच शब्द पुरवला नाही. (मी पुरवतो. नेहमी.) पुढच्या आठवड्यात लेक आपणहून दप्तर घेऊन दारात उभी.

अशा माणसाची चौकशी मी नीट करीन? खरं सांगायचं तर, माहीत नाही.

५ फेब्रुवारी

पहिली बैठक. आमचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. खुर्चीत बसताना अजूनही अंगावर नसलेला काळा झगा सावरतात. तिसऱ्या सदस्य, दातांच्या डॉक्टरीणबाई. मी आधीच लेकीचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मला मोकळं करा.

"अहो चष्मेवाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अर्धं गाव माझ्यापुढे आ वासून बसलेलं आहे. म्हणून काय मी कुणाबद्दल बोलायचंच नाही?"

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही तुमच्यावरचे उपकार सांगितलेत ना? आता माझा राग ऐका. बाजारात मी यांच्यासमोर उभा, हात जोडलेले — आणि बाई सरळ पुढे! भाजीवाला बघतोय, लोक बघताहेत! तेव्हा तुमची माया, माझा राग. होईल वजाबाकी."

हसलो. आणि राहिलो. उठून यायला हवं होतं का?

६ फेब्रुवारी

ही म्हणते, "तू बाईंची चौकशी करतोयस की स्वतःची?"

९ फेब्रुवारी

पदव्या खऱ्या! अध्यक्षांनी थेट विद्यापीठातून खात्री करून घेतली. किंचित हिरमुसले असावेत.

आधीच्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन करायचं काम माझ्याकडे होतं. त्यांचं पहिलंच वाक्य, "बाई परत येताहेत का?" आवाजात इतकी आशा की मलाच वाईट वाटलं. कुणाशी भांडण नाही, गैरव्यवहार नाही, काही नाही. बाईंच्या काळात तिथली गळती थांबली. मुलं शाळेत टिकायला लागली. मग सोडलं का? ते म्हणाले, "आम्हीही विचारलं होतं. म्हणाल्या, आता निघायला हवं. शेवटच्या दिवशी सगळ्या शिक्षकांना नावानं हाक मारून बोलल्या. पण कुणाकडे बघितलं नाही. आम्हाला वाटलं, डोळ्यांत पाणी असेल."

रिसीव्हर ठेवला आणि जीव भांड्यात पडला. मग लगेच मनात, का पडला? चौकशी करणाऱ्याचा जीव भांड्याबाहेरच राहायला हवा.

११ फेब्रुवारी

बाईंची भेट, त्यांच्याच कार्यालयात. खोली साधी. टेबलावर फारसं काही नाही. खिडकी पाठीशी घेऊन बसल्या होत्या. अध्यक्षांनी तक्रारींचा कागद पुढे केला. बाईंनी तो घेतला आणि न बघता परत त्यांच्यासमोर ठेवला. "आपणच वाचून दाखवता का? माणसाच्या आवाजात तक्रार जास्त कळते."

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि काय वाचलं! जणू भर कोर्टात निकाल देताहेत. बाजारातल्या प्रसंगाला आवाज चढला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शाळांबद्दलची उत्तरं चोख. कुठल्या वर्गात किती मुलं मागे पडली, कुठला शिक्षक थकलाय, सगळं तोंडपाठ. आधीची नोकरी का सोडली, या प्रश्नाला मात्र, "ते माझं खासगी कारण आहे. त्यात तिथल्या कुणाचा दोष नाही." बस्स.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई फणफणल्या. "बघितलंत? सबंध वेळ माझ्या कानाकडे बघून बोलत होत्या! मी तर हात लावून पाहिला, कानातलं पडलंय की काय."

मी पण हसलो. अरेरे.

१२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

जेवताना लेकीला विचारलं, तुला अधीक्षकबाई का आवडतात? तिनं घास गिळला. मग हळूहळू, अडखळत अडखळत, "सगळे... मी बोलताना माझ्या तोंडाकडे बघत बसतात. कधी निघतोय शब्द म्हणून. बाई नाही बघत. त्या नुसत्या ऐकतात."

ही म्हणाली, "शहाण्या आहेत बाई." मी भाजी वाढून घेतली. आणि चमचा हातातच राहिला.

कान! डॉक्टरीणबाईंच्या कानाकडे!

माझ्याकडे एक शिंपी यायचे. काउंटरशी उभे राहून कायम माझ्या खांद्यापलीकडे बघायचे. मला वाटायचं, मागच्या फ्रेमा न्याहाळताहेत. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडा शाबूत, मध्ये नुसता धुरकट डाग. समोरच्याचा चेहरा थोडातरी दिसावा म्हणून असा माणूस त्याच्या बाजूला बघतो. सरळ बघितलं की चेहराच नाहीसा होतो!

बाई नजर चुकवत नाहीत. आम्हाला बघायची धडपड करताहेत.

आणि हे कुणाला कळलं नाही? वीस वर्षं लोकांचे डोळे तपासणाऱ्या मला! लोक म्हणाले 'मनात काहीतरी आहे', मी मान हलवली. धन्य माझी!

१३ फेब्रुवारी

सकाळपासून दुकानात लक्ष नाही. एका ताईंना दुसऱ्याचाच चष्मा बांधून देत होतो.

समितीला सांगायचं का? बाई माझ्या ग्राहक नाहीत, त्यांनी मला काही सांगितलेलं नाही. त्यांच्या पाठीमागे बोलणं म्हणजे चहाडी. आणि गप्प बसलो तर? तर ती माझी कृतज्ञता गप्प बसलेली असेल, न्याय नव्हे. चार शाळा त्यांच्या सहीवर चालतात. त्यांना काय वाचता येतं, काय नाही, हे मंडळाला कळायला नको? आणि कळलं की काढून टाकतील, हेही दिसतंय. एका धडपडणाऱ्या बाईची नोकरी माझ्या जिभेवर.

सगळं हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "इतका घोळ कशाला? त्यांनाच जाऊन विचार की."

इतकं सोपं मला कधीच कसं सुचत नाही? बरं झालं हिच्याशी लग्न झालं.

१५ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर गेलो. दारात उभा राहिलो, तोंडातून शब्द निघेना. बापलेक सारखेच!

"या चष्मेवाले," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मला कशावरून ओळखलंत?"

"तुमची एक चप्पल घासते." मग त्याच म्हणाल्या, "कळलं ना तुम्हाला?"

दोन वर्षं झाली म्हणाल्या. आधीच्या गावात एक शिक्षिका समोर उभी राहून रडत होती आणि यांना कळलंच नाही. हसतमुखानं विचारलं, काय, सगळं ठीक ना? त्या दिवशी ठरवलं, निघायचं. "तिथे मी सगळ्यांना चेहऱ्यानं ओळखायचे. लगेच कळलं असतं. नव्या गावात ओळख नाही दिली तरी खपून जाईल असं वाटलं." मग हसल्या. "नाही खपलं!"

डोळ्यांच्या डॉक्टरकडे? एकदाच गेल्या होत्या. दुसऱ्यांदा जायचं धाडस झालं नाही. एवढी धीराची बाई! मी रागावलो. खरंच रागावलो. म्हटलं, उरलेली नजर टिकवता येऊ शकते, पण वेळेवर गेलं तर. भिंगं आहेत, मोठ्या अक्षरांचे पडदे आहेत. आणि मग म्हणालो, "समितीला तुम्ही सांगा. सोमवारी बैठक आहे. तुम्ही नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल."

बाईंनी मान डोलावली. माझ्या कानाकडे बघत.

घरी येताना पोलिसासारखं वाटलं. आभार मानायचे तेही राहूनच गेले.

१६ फेब्रुवारी

सोमवार यावा असंही वाटतं, येऊच नये असंही.

१७ फेब्रुवारी

आल्या. बसल्याही नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, रडकथा न करता. मला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, छापील अक्षर भिंगाशिवाय वाचता येत नाही, हे मी मंडळापासून लपवलं.

अध्यक्ष, एकदम बारीक आवाजात, "म्हणजे... त्या दिवशी बाजारात..."

"आपण दिसलाच नाहीत. हाक मारली असतीत तर थांबले असते."

"मी आपली वाट बघत होतो, आपण आधी बोलाल म्हणून!"

डॉक्टरीणबाईंनी पदरात तोंड लपवलं. कान आठवला असणार.

मग सगळे माझ्याकडे वळले. 'त्या कामाला लायक आहेत का, तुम्ही सांगा.' म्हटलं, आधी माझं ऋण पुन्हा एकदा ध्यानात घ्या, मग ऐका. काय दिसत नाही ते सगळं सांगितलं, काही मऊ केलं नाही. कशानं भागवता येतं तेही सांगितलं. म्हटलं, लपवणं चूक होतं. नजर कमी असणं ही चूक नाही. आणि चार शाळांत काय चाललंय हे आपल्या तिघांपेक्षा त्यांना जास्त दिसतं.

ठरलं. बाई राहणार. अटी दोन, उपचार ताबडतोब आणि शाळांना उघडपणे सांगणं. कागद वाचून दाखवायला माणूस मिळेपर्यंत अध्यक्ष स्वतः येणार आहेत! कुणी विचारलंही नव्हतं. आवाज खणखणीत आहे हो माझा, म्हणाले.

घरी आलो आणि हिच्यासमोर मूर्खासारखा रडलो.

२१ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा बराचसा टिकेल. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं.

पण मन काही स्वस्थ नाही. मी त्यांना मुदत दिली. धमकीच ती. त्यांना सांगायचं नव्हतंच, मी कोपऱ्यात गाठून सांगायला लावलं, असं तर नाही? परिणाम चांगला झाला म्हणून रीत चांगली ठरते का?

२४ फेब्रुवारी

आता मुलांनी बाई भेटल्या की आधी आपलं नाव सांगायचं, असा शाळेत रिवाज पडलाय. लेकीला सोडायला गेलो तर फाटकाशी रांग. मी दचकलो. स्वतःचं नाव हाच तिला सगळ्यात अवघड शब्द!

तिची पाळी आली. पहिलं अक्षर आलं, अडकलं. पुन्हा आलं, पुन्हा अडकलं. माझे ओठ हलायला लागले, मी ते दाबून धरले. पहिल्या अक्षरालाच बाईंनी ओळखलं असणार. तरी थांबल्या. मागची मुलंही थांबली. शेवटी नाव पुरतं बाहेर पडलं, चांगलं मोठ्यानं. आणि बाई म्हणाल्या, "ये. मांजर कसंय?"

कुणाकुणाचे आभार मानू?

२६ फेब्रुवारी

अध्यक्ष चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आले होते. जाता जाता सहज म्हणाले, "ज्याची चौकशी, त्याला समितीवरचा एक माणूस निवडता येतो, असा नियमच आहे. तुमचं नाव बाईंनीच दिलेलं. आम्ही म्हटलं, एवढे वकील पालक आहेत, त्यातला घ्या, चष्मेवाले कशाला? तर म्हणाल्या, तेच हवेत."