उंच केलेली चिमणी

आबा, आज दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तुम्ही आठवलात. आपल्या धुळ्याच्या गिरणीत सरकीचं तेल निघायचं. सरकी शिजवायला कोळशाचं बॉयलर होतं आणि त्याची काजळी आपल्याच अंगणात पडायची. आई धुतलेलं लुगडं पुन्हा धुवायची. मग प्रदूषणवाले साहेब आले आणि चिमणी उंच करा, नाहीतर गिरणी बंद करा, असं बजावून गेले. तुम्ही चिमणी वाढवली. साहेबांनी वर पाहून मान डोलावली. त्या दिवशी लुगडं एकही डाग न पडता वाळलं आणि आईने शिरा केला.

कापूस फुटायच्या दिवसांत आत्या आली. पूर्वेला दोन कोसांवर तिचं शेत. ओसरीवर बसते, पदराची गाठ सोडते, आणि तुमच्यापुढे काळे ठिपके पडलेली बोंडं ठेवते.

"भाऊ, हाई देख. तुना आंगनमानी काजळी आते मना कापूसवर पडस."

"साहेब पास करी गया ना, अक्का," तुम्ही म्हणालात.

"साहेबनी वारा बी पास करा का?"

तुम्ही जेवला नाहीत. थोड्याच दिवसांत बॉयलर थंड केलंत आणि न शिजवलेली सरकी विजेच्या घाण्यावर घातलीत. तेल कमी उतरू लागलं, बॉयलरवरचे दोघे काम सोडून सुरतेला गेले. साहेब पुन्हा आले तेव्हा चकित झाले. "अहो, तुमचं नियमात बसत होतं की!" तुम्ही म्हणालात, "नियमात बसत होतं साहेब, मलाच बसवत नव्हतं." तुम्हाला इतकं हलकं झालेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आपण दोघं लग्नाला निघालो होतो. जळगाव मागे पडल्यावर गाडीच्या खिडकीतून आभाळाला टेकलेल्या चिमण्या दिसल्या. तुम्ही शेजारच्या माणसाला विचारलंत. तो म्हणाला, "वीज बनते इथं. कोळशावर." तुम्ही खिडकीची काच ओढून घेतलीत. भर उन्हाळ्यात. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "म्हनजे आपला धूर आजून शेच."

त्यानंतर घरी तुम्ही पंखा लावू देत नव्हतात. समोर येईल त्याच्या खांद्यावरून हात फिरवायचात, काहीतरी झटकल्यासारखा. लोकांना ती माया वाटायची. शेवटच्या आजारात डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावरूनही तसाच हात फिरवलात. तिथे काही नव्हतं, आबा. मी नीट पाहिलं होतं.

आता मी जळगावच्या पिंप्राळ्यात राहते. गेल्या महिन्यात छतावर सौर पॅनल बसवले. तुम्हाला हे कळवावं म्हणून लिहायला बसले. आता आपला धूर खरंच संपला, असं एक वाक्य लिहायचं होतं, पण ते लिहवत नाही. बसवणारा मुलगा भला होता, चहा घेताना सगळं समजावून सांगत होता. ही काच, ही चौकट कुठे घडते, तिथली भट्टी कशावर पेटते, हे त्याला विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी त्याला आणखी एक कप चहा दिला. विचारलं नाही.