लॅपटॉपमधला तुझा आवाज

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय नरेंद्रदादा,

सप्रेम जय भीम. तू आणि जिज्ञासावहिनी बरे असाल. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. आईचे गुडघे दुखतात, तरी विहारात जाते. माझी अंबरनाथची नोकरी चालू आहे.

लिहायचं निमित्त तुझा जुना लॅपटॉप. त्यात तू लिनक्स टाकून ठेवलंस आणि मला विंडोजचं एक सॉफ्टवेअर चालवायचं होतं. शोधता शोधता 'वाइन' सापडलं, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं. मैत्रिणीला फोनवर म्हटलं, वाइन टाकली तरी चालत नाहीये, तर आई लाटणं घेऊन बाहेर आली.

आधी उघडेचना. उघडलं तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फॉन्ट टाकले. चित्रं दिसली, शब्द दिसले, आवाज नाही.

सॉफ्टवेअर कसलं, ते लिहायचं टाळतेय. दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले.

पप्पांना सप्टेंबरमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी घेऊन चालतात. सगळं समजतं, पण शब्द फुटत नव्हता. उल्हासनगरच्या थेरपीवाल्या मॅडमनी सरावाला हे दिलं: चित्र येतं, एक बाई शब्द सांगते, मागोमाग पप्पांनी म्हणायचं. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी हातानेच बजावलं. तुझं लग्न त्यांना बाहेरच्यांकडून कळलं, ते अजून तिथेच अडकलेत. आम्हीही गप्प बसलो.

त्या प्रोग्राममध्ये घरच्यांचा आवाज टाकायची सोय आहे. गेल्या आठवड्यात आवाजाचं सेटिंग बदलून, तपासायला म्हणून लॅपटॉपमधली हाताला लागली ती फाइल लावली. तुझी निघाली, कॉलेजच्या भाषणाची तालीम. एकदम खणखणीत वाजली.

मागे काठीचा आवाज आला. पप्पा दारात.

"कुठंय?"

स्पष्ट म्हणाले, दादा. झटक्यानंतरचा पहिला शब्द.

"पप्पा, रेकॉर्डिंग आहे," मी म्हणाले. ते खोलीभर बघत राहिले, मग खुर्चीत बसले.

आता सगळं नीट चालतं. 'पाणी', 'दार' अर्धवट म्हणतात. सराव संपला की स्क्रीनकडे बोट करतात, तुझी फाइल लाव म्हणून. मी लावते. आई उठून आत जाते. माणूस धडधाकट असताना त्याचं रेकॉर्डिंग ऐकत बसायचं, हे मला सहन होत नाही.

काल विचारलं, दादाला बोलवू? या वेळी हात हलवला नाही. मी त्याचा अर्थ 'हो' लावलाय. चुकला असेल तर बोलणी मी खाईन.

नवीन रेकॉर्डिंग पाठवू नकोस. वहिनीला घेऊन ये. भांडलास तरी चालेल. उत्तर द्यायला त्यांना शब्द शोधावे लागतील.

दाराकडे बघत,
तुझी राजसी