वाचलेला कर

न्यू टाउन, कोलकाता
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. शिरसाष्टांग लिहवेना, म्हणून एवढाच.

मी खुशाल आहे. ऑफिसातल्या केतकीच्या खोलीत दुसरी कॉट टाकली आहे. ऑफिस चालत जाण्यासारखं; घरून, गार्डन रीचहून बस बदलत येताना जीव मेटाकुटीला यायचा, तो त्रास संपला. इथे सगळे पूजेच्या सुट्ट्यांचे बेत करताहेत. आईचा गुडघा कसा आहे?

फेब्रुवारीत बजेट आलं त्या दिवशी तुम्हीच टीव्हीसमोरून मला हाक मारलीत. माझ्या पगारावर आता कर लागणार नव्हता. नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली, मी तर नाचलेच. त्या पैशांत ऑफिसजवळ खोली घ्यायची, असं मनात पक्कं केलं. तुमचा जन्म रेल्वेच्या हिशेब खात्यात गेला, तुम्ही शांतपणे म्हणालात, "करात गेलेच असते ना? मग ते तुझे नव्हतेच. धाकट्या भावासाठी दे, अमेयच्या हॉस्टेलला." मला ते पटलंही. एप्रिलपासून दर महिन्याला तुमच्या खात्यावर टाकत आले.

खोलीचं दुःख नव्हतं, बाबा. थोडं होतं.

मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर श्यामलाकाकूंनी विचारलं, अमेयचा दुर्गापूरचा खर्च कसा झेपतो. तुम्ही म्हणालात, "लेकीच्या पगाराला हात लावायची वेळ अजून आली नाही माझ्यावर." मी मागेच खिरापत वाटत होते. तुम्ही वळून मला पाहिलंत आणि हात पुढे केलात. मी तुमच्या हातावर खिरापत ठेवली आणि पुढे गेले. त्याच आठवड्यात बॅग भरली. ऑफिसची शिफ्ट बदलली असं सांगितलं, ते खोटं होतं.

काल अमेयला फोन केला. वाटलं, पैसे कुणाचे आहेत ते निदान त्याला तरी कळावं. तो म्हणाला, "ताई, मला माहीत आहे. आईलाही. बाबांनी सांगितलंय, हा विषय काढायचा नाही."

म्हणजे मी रोज तुमच्याबरोबर जेवायला बसत होते आणि मला चांगलं म्हणायचं नाही, हे तुम्हा तिघांचं ठरलेलं होतं. याचा मला फार राग आला आहे. आईचा तर जास्तच.

अमेयचे पैसे थांबणार नाहीत. यापुढे ते थेट त्याच्या खात्यावर जातील. दिवाळीला मी घरी येणार नाही. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, तुम्हाला ते चांगलं जमतं.

तुमची कमावती लेक,
यामिनी