डावीकडे कविता, उजवीकडे भावार्थ

प्रिय दांडीबहाद्दरा,

सकाळपासून कानात आपल्या गुरुजींच्या डस्टरचा आवाज घुमतो आहे. टेबलावर ठक्, ठक्-ठक्, ठक्, त्या ठेक्यावर सगळा वर्ग बाकं हलवत कविता म्हणतो आहे, आणि सगळ्यांच्या वर तुझा भसाडा आवाज, वेगळ्याच चालीत. (तुला एकच चाल येत होती, अंगाईची. तू वीररसाची कविता म्हणायला लागलास की कवितेतल्या सेनापतीलाही जांभई यायची.) असो. तुला सप्रेम नमस्कार, वहिनींना सादर नमस्कार, आणि तुझ्या नव्या गुडघ्याला अनेक आशीर्वाद, कारण वयाने तो आपल्या दोघांपेक्षा फारच लहान आहे. लेकीकडे मुकाट्याने आराम करतो आहेस ना, की येणाऱ्या-जाणाऱ्याला जिना चढून दाखवतो आहेस?

तुझं पुस्तकांचं दुकान जागेवर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुला शंका येईल.

जाताना तू बजावलं होतंस की कोपऱ्यावरची सॉफ्टवेअर कंपनी हे संगणकाच्या पुस्तकांचं शेवटचं गिऱ्हाईक. तेही तुटलं तर त्या पुस्तकांची अख्खी भिंत रिकामी करून तिथे भेटकार्डं लावायची. भेटकार्डं विकायला निवृत्त भाषाशिक्षक लागत नाही, हे तू बोलला नाहीस, पण मला ऐकू आलं. तर तुझी गाडी वळली असेल-नसेल, तेवढ्यात त्या कंपनीतल्या टीमच्या प्रमुख बाई हजर. त्यांची माणसं वर्षानुवर्षं प्रोग्रॅम लिहून मुरलेली, पण आता सगळं काम एका नव्या प्रोग्रॅमिंग भाषेत करायचं ठरलंय. "काका, पुस्तक तुम्हीच निवडा. जमलं तर पुढची सगळी खरेदी इथेच, नाहीतर बघू," म्हणाल्या. भाषा हा शब्द ऐकूनच माझी छाती फुगली. आयुष्यभर दुसरं केलं काय मी?

नवी भाषा म्हणजे मुळाक्षरांपासून सुरुवात, असं माझं मत. म्हणून मुखपृष्ठावर हसरा संगणक असलेलं, टपोऱ्या अक्षरांचं पुस्तक धाडलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला सर्वांत मुरलेला, दाढीवाला, ते परत घेऊन आला. "आजोबा, ह्यातला पहिला धडा संगणक सुरू कसा करावा ह्यावर आहे. आम्हाला तो बंद कुणी करू देत नाही हो!"

मग मी दुसरं टोक गाठलं. मुरलेल्या मंडळींचा मान राखायचा तर ग्रंथही भारदस्त हवा, म्हणून भिंतीवरचा सर्वांत जाडजूड निवडला आणि प्रती ढकलगाडीवरून पोचवल्या. (हमाल माझ्याकडे फार वाईट नजरेने बघत होता.) काही दिवसांनी चौकशीला गेलो, तर प्रत्येकाच्या टेबलावर ग्रंथ होता आणि ग्रंथावर मॉनिटर होता. मान दुखायची थांबली म्हणून दोघांनी माझे मनापासून आभारही मानले. तिकडे बाई दाढीवाल्याला झापत होत्या, की अरे, ही नवी भाषा नव्हे, तू जुन्याच भाषेला नवे कपडे घातलेस! मला एकदम भरून आलं. तूच आठवलास रे. शब्द सगळे नवे, बरोबर, पण चाल मेली अंगाईची! डोळे पुसायला रुमाल काढला, तर बाईंना वाटलं मी ग्रंथाच्या अपमानाने रडतो आहे. "शेवटचं एक बघा, काका," असं त्या जरा जपूनच म्हणाल्या. शेवटचं! मला डोळ्यांसमोर भेटकार्डं दिसायला लागली.

दुकानात येऊन मी एकेक पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं. अरे, प्रोग्रॅम कवितेसारखाच दिसतो! आखूड ओळी, काही आत सरकवलेल्या, मधूनमधून परत येणारं धृपद. प्रवासवर्णन विचारायला आलेल्या एक बाई तर धृपदाला साथ देऊन गेल्या (प्रवासवर्णन न घेताच). आणि मग ते सापडलं. बारीक, पातळ पुस्तक. प्रत्येक पानावर डावीकडे एक प्रोग्रॅम, उजवीकडे दुसरा. आपलं शाळेचं पाठ्यपुस्तकच की! डावीकडे कविता, उजवीकडे भावार्थ. नवल एवढंच की भावार्थ कवितेपेक्षा लहान होता. (असा भावार्थ जन्मात एकाही विद्यार्थ्याने मला लिहून दिला नाही.) प्रती पाठवल्या आणि निरोप दिला की डावीकडचं सगळ्यांनी खड्या आवाजात म्हणावं, पाठ झालं तर उत्तम.

दोन दिवसांनी संध्याकाळी कंपनीच्या बाई आल्या त्या पोट धरून हसतच. डावीकडे होतं ते दुसऱ्या भाषांतून आलेली माणसं ही भाषा कशी वेडीवाकडी लिहितात ते, आणि उजवीकडे ती मुळात कशी लिहायची ते! दाढीवाला माझ्या निरोपाप्रमाणे सगळ्यांसमोर डावीकडचं म्हणायला उभा राहिला आणि मध्येच अडकला. जवळजवळ त्याचाच प्रोग्रॅम होता. कान लाल झाले त्याचे. मग नजर उजवीकडे गेली, आणि तेव्हापासून म्हणे तो जेवतानाही पुस्तक खाली ठेवत नाही. "आम्हाला येतं ते सगळं वगळून नेमकं आमच्या खोडीवर बोट ठेवणारं पुस्तक हवं होतं. कसं ओळखलंत, काका?" मी फक्त चष्मा पुसला.

भिंत वाचली, मित्रा! पुढच्या भाषेचं पुस्तकही मीच निवडायचं आहे.

तुझा,
बाकावरचा शेजारी

ता. क. भेटकार्डवाला येऊन गेला. मालकांनी विचार बदलला असं मी त्याला परस्पर सांगितलं आहे. तेवढा तू बदल.

ता. क. २. आता पत्राचं खरं कारण लिहितो. तू परत आल्यावरही मला इथे येऊ दे. फक्त सकाळी आलो तरी चालेल. घरी सगळे मायेने वागतात, पण कुणी काही विचारत नाही रे. इथे लोक विचारतात. तोवर गुडघ्याला बिलकूल घाई करू नकोस.

ता. क. ३. दारात काठी वाजली म्हणून वर बघतो, तर तू! ना फोन, ना निरोप! काय लिहितोयस एवढं, म्हणून विचारतो आहेस. "तुलाच," म्हटलं. "मग बोल की, समोर तर उभा आहे!" समोरासमोर असलं काही मागायला जीभ रेटत नाही, म्हणून तर कागद घेऊन बसलो. तेव्हा तू असं कर, आल्या पावली लेकीकडे परत जा आणि पोस्टमनची वाट बघ.