एकतिसाव्या तासाची खाच

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
शोध-प्रमाणपत्र विभाग, येरेवान.

विषय : भट्टीच्या चकतीच्या प्रमाणपत्रावरून अर्जदाराचे नाव काढून दिवंगत श्रीमती आरुस्याक तादेवोस्यान यांचे नाव घालणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ ऑक्टोबर १९८३ चे नकाराचे पत्र. (अर्जदाराचा हा चौथा अर्ज आहे.)

महोदय,

१. अर्जदार धातुशास्त्राचा अभियंता असून सेवान येथील कारखान्यात माणकाचे स्फटिक वाढवणाऱ्या भट्ट्यांवर एकवीस वर्षे नोकरीस आहे. त्याच्या नावे नऊ शोध नोंदलेले आहेत. आठांबद्दल काही म्हणणे नाही. नववा त्याचा नाही.

२. सदर शोध म्हणजे एक पितळी चकती. ती घड्याळाच्या गतीने फिरते, तिच्या कडेवर टेकलेला दांडा वरखाली होतो आणि त्यानुसार भट्टीची वीज कमीजास्त होते. माणूस लागत नाही. पूर्वी हे काम श्रीमती आरुस्याक चौदा वर्षे हाताने चाक फिरवून करीत. खेप दोन दिवस चाले. त्या बाकावर डुलकी काढत, पण चाकाला दुसऱ्याला हात लावू देत नसत. अर्जदाराने अकरा खेपा शेजारी बसून त्यांचा हात केव्हा किती फिरतो याची रेघ काढली व त्या रेघेबरहुकूम पितळ कापले. त्याचे कर्तृत्व एवढेच. संचालकांचे एवढेही नाही, तरी त्यांचे नाव पहिले आहे. ती रीतच असल्याने त्याबद्दल तक्रार नाही.

३. प्रत्येक खेपेत एकतिसाव्या तासाला, दुसऱ्या दिवशी दुपारी, त्यांचा हात चार मिनिटे थांबे. कारण विचारता त्या भट्टीकडे बघत म्हणाल्या, "अहो इंजिनियर, कालपासून वर चढतेय बिचारी. जरा दम खाऊ द्या तिला." हे शास्त्र की सवय, असे विचारता उत्तर मिळाले, "तुम्ही जेवताना मध्येच पाणी पिता, ते काय वही बघून?" आपल्या विभागाने "कारण द्यावे अथवा विराम वगळावा" असे कळवल्यावरून, त्या चार मिनिटांसाठी कडेला कापलेली खाच नसलेली चकती बनवण्यात आली. लागोपाठ तीन स्फटिक तडकले. मग खाचेची चकती परत बसवली. तेव्हापासून एकही तडकलेला नाही.

४. चाकावर माणूस नको झाल्याने श्रीमती आरुस्याक यांना आम्लाच्या धुलाई विभागात पाठवण्यात आले. त्या कागदावर शिफारस अर्जदाराची आहे. जाताना त्या म्हणाल्या, "माझा हात तेवढा ठेवून घेतलात. आता बाकीची मी कुठे जाऊ?" सगळे हसले. अर्जदारही हसला. वाफेने त्यांची फुप्फुसे खराब झाली आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्या वारल्या.

५. त्यास सहा वर्षे झाली. अजून दर खेपेला त्या तासाला दांड्याची टिकटिक थांबते आणि भट्टीवरची माणसे बोलायची थांबतात. वाझगेन नावाच्या नव्या कामगाराने त्यांना कधी पाहिलेही नाही, तोसुद्धा म्हणतो, "बाई आल्या. हळू बोला." अर्जदार दोन कप कॉफी करतो. दुसरा कप कोणी पीत नाही हे त्यास ठाऊक आहे. कृपया वैद्यकीय तपासणी सुचवू नये, ती झाली आहे.

६. आपल्या पत्रानुसार सहशोधकाने समक्ष हजर राहून संमती द्यावी, अथवा त्याची सही असलेले रेखाचित्र सादर व्हावे. त्या दर खेपेला हजर असतात, पण कारखान्याबाहेर येत नाहीत. सहीबाबत रेखाचित्र क्र. ४ पाहावे. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत अख्खी रेघ त्यांच्या हाताची आहे. खाली नाव मात्र माझे आहे. इथे 'अर्जदार' लिहायला हवे होते, पण लिहवत नाही. त्यांना धुलाईत मी पाठवले.

७. जानेवारीत नव्या भट्ट्या येत आहेत आणि चकती भंगारात निघणार आहे. म्हणून आजची खेप संपताच मी ती काढून घेतली व सोबत पाठवत आहे. निर्णयापूर्वी तिच्या कडेवरून एकदा बोट फिरवावे. एका जागी ते आपोआप थांबेल. तिथे घाई करू नये. जरा दम खाऊ द्यावा तिला.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
ह्राच्या मल्खास्यान
सेवान, १४ नोव्हेंबर १९८३

सोबत : १) रेखाचित्र क्र. ४.
२) पितळी चकती, एक. आम्लापासून दूर ठेवावी.