तूरेला शहर मानवत नाही

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, संध्याकाळ
लुंदब्लाद बाईंचा फोन आला. गोथेनबर्गमधला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने द्यायला तयार आहेत. उद्या येऊन बघा, संध्याकाळी सहाच्या आत हो की नाही कळवा म्हणाल्या. मागे रांगेत अकरा जण आहेत.
एकतीस वर्षं मासळीच्या शेडमध्ये मी हेच सांगत आले: मी मुळात शहरातली बाई, या खडकाळ बेटावर अडकले ती नवऱ्यापायी. आज शेजारची सीव म्हणाली, गुनवोर, मग आता जाशील ना? मी म्हटलं, मी तर आत्ता चपला घालते गं, पण आमचा तूरे! खुंटा आहे नुसता. हलेल तर शपथ.
म्हणून ठरवलं. उद्या दिवसभर त्याला शहर दाखवायचं आणि खायला घालायचं. पोट भरलं की पुरुष हो म्हणतो.
पाळायच्या गोष्टी: घाई नाही. भांडण नाही. मासळीवर बोलायचं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
बोटीवर. उणे सहा. वारा कानफटात मारतोय. तूरेने आजोबांची लोकरी टोपी घातलीय. भांडले नाही. फक्त सांगितलं की भिजलेल्या बोक्यासारखा दिसतोस. हे भांडण नव्हे, माहिती झाली.

१०.१५
मासळीबाजार. चिठ्ठी काढली, नंबर ६१. फळ्यावर ४३. काउंटरवरचा दाढीवाला माणूस कॉड मासा कापत होता की त्याला मालिश करत होता, देव जाणे. बारा मिनिटं थांबले. बारा! मग पुढे जाऊन सांगितलं, बाबा रे, सुरी अशी धर. आणि हा मासा आजचा नाही, परवाचा. डोळे बघ त्याचे, माझ्या सासूचे शेवटी शेवटी याहून चमकत होते.
कोणी हूं की चूं केलं नाही. रांग मोडली की आपली माणसं बोलत नाहीत, नुसती बघतात. शेवटी एका म्हातारीने विचारलं, आपला नंबर कितवा? भर बाजारात! तूरे माझी ओळखदेख नसल्यासारखा खेकड्यांकडे बघत उभा.
मासळीवर बोलले ते तेवढंच. बाकी सगळं सुरीवर.

१२.००
माशाचं सूप. वाटी एवढीशी, आमच्या मांजराला मी याहून जास्त वाढते. तूरेने दोन वाट्या प्यायल्या. म्हणाला, शेपू छान पडलाय. माझ्या सुपाला एकतीस वर्षांत एकच शेरा: गरम आहे.

१.४५
फ्लॅट बघितला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. धुण्याचं मशीन तळघरात, अख्ख्या इमारतीला मिळून एक. भिंतीवर यादी, आपलं नाव आपण लिहायचं, आपल्या वेळेलाच धुवायचं. शेजारी चिठ्ठी चिकटवलेली: मंगळवारी मशीनच्या जाळीत लोकर कोणी सोडली ते आम्हाला माहीत आहे. पहिली मोकळी वेळ गुरुवारी सकाळी सात. मी म्हटलं, कपडे काय यादी बघून मळतात? लुंदब्लाद बाई खोकल्या.
तूरेने दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली आणि गुरुवारच्या रकान्यात आमचं नाव लिहिलं. शांतपणे. गंमत म्हणून असेल.
मग खिडकीत उभा राहून सात ट्रामा मोजल्या.

४.४५
कॅफे. बोटं बधिर. दालचिनीचा बन, ताटाएवढा, दोघांत एक. शेवटचा तुकडा उरला. तो कोण खाणार? मी अर्धा कापला. मग त्याने उरलेल्याचा अर्धा. मग मी त्याचाही अर्धा. आता नखाएवढा आहे. राहील तिथेच, शेवटचा तुकडा आपल्यात कोणी उचलत नाही, रीत ती रीत.
तेवढ्यात तूरे म्हणाला, घेऊ या फ्लॅट.
मी म्हटलं, नीट विचार कर. म्हणाला, केला. मी म्हटलं, तुझी बोट? म्हणाला, भावाला देतो. मी म्हटलं, तुझे गुडघे, तीन मजले! म्हणाला, मी चढलो की. धापा तू टाकत होतीस.
बिचारा. माझं मन राखायला बोलतोय. आतून तुटलाय, मला दिसतं ना.

५.५०
संडासाच्या दाराशी जाऊन फोन केला. लुंदब्लाद बाईंना सांगितलं, माझी फार इच्छा होती हो, पण नवरा तयार नाही. त्याला शहर मानवत नाही. पुरुषापुढे बाईचं कुठे चालतं?
वळले तर मागे तूरे. हातात माझा कोट.
कोट माझ्या हातात दिला, टेबलाशी जाऊन बसला आणि माझ्याकडे बघत शेवटचा तुकडा खाल्ला. वर बोट चाटलं. त्याच्या आईच्या मयतीला शेवटचा केक बशीत वाळून गेला होता, पण कोणी हात लावला नव्हता!
एका दिवसात ही तऱ्हा. शहराची हवा वाईटच. नाही म्हटलं ते बरं झालं.

रविवार, ९ फेब्रुवारी
सकाळी सीव दारात. म्हणाली, काय ठरलं? मी सुस्कारा सोडला. म्हटलं, काय ठरणार? तूरे.
आतून तूरेचा आवाज आला. म्हणाला, गुरुवारी पहाटेच्या बोटीने मी गोथेनबर्गला जातोय, सातला धुण्याची वेळ आहे. यादीत नाव लिहिलंय, चुकवून चालायचं नाही. लुंदब्लाद बाईंना विचारलंय, या म्हणाल्या. नंतर दोन वाट्या सूप पिऊन येईन. तुझं काही मळलेलं असेल तर काढून ठेव.
सीव माझ्याकडे बघत राहिली. ती पण बोलत नाही, नुसती बघते.
दोन चादरी काढून ठेवल्या.