वजनांमधले स्क्रू

आई, तुझी बर्फावरची गाडी, ती स्नोमोबाइल, अखेर विकली. घेणारा माझ्या ऑफिसातला, मूळचा नागपूरचा, आता कोलोरॅडोला बदली होऊन चाललाय. श्रूजबरीच्या आमच्या गॅरेजमध्ये येऊन त्याने ती सगळीकडून पाहिली आणि म्हणाला, "ताई, तिकडे उंचीवर हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी पडतो. क्लचमधली वजनं हलकी करून घ्यावी लागतील. इथे कोणी करून देतं का?" मी म्हटलं, मीच देते करून. "तुम्हाला येतं?" "आईने शिकवलंय." घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल त्याने. मी मात्र त्यानंतर आठवडाभर गॅरेजचा दिवाच लावला नाही.

व्हर्मॉन्टच्या त्या गावात आपण एकटेच मराठी होतो. बाबा हॉस्पिटलात, मी शाळेत, आणि सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी तू खिडकीतून बर्फ बघत बसलेली. मग बाबांनी हौसेने घेतलेली जुनी स्नोमोबाइल बिघडली, ती घेऊन तू दुरुस्तीच्या दुकानात गेलीस, आणि मालकाला इतके प्रश्न विचारलेस की तो म्हणाला, त्यापेक्षा तुम्ही कामालाच का येत नाही? तू खरंच गेलीस. बाबांना ते कधी रुचलं नाही. भारतात फोन केला की ते सांगायचे, ती एका ऑफिसात जाते. तू बाजूला बसून भाजी निवडत ऐकायचीस.

स्टेट कॉलेज गावातल्या माझ्या युनिव्हर्सिटीतून मी हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते तेव्हाची ती दुपार. जेवणाच्या टेबलावर जुने पेपर पसरून तू आपल्याच गाडीचा क्लच घेऊन बसली आहेस. मला म्हणतेस, "बस इथे. बाहेर फिरायला आवडतं ना, मग आत काय फिरतं तेही बघ." तीन वजनं, प्रत्येक बोटाएवढं. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर फेकली जातात आणि पट्टा आवळतात. त्यांच्या भोकांत बारीक, माथा नसलेले स्क्रू असतात, वजन कमीजास्त करायला. तिन्हीकडे अगदी सारखे हवेत. आधी आटे पुसून तेल काढायचं, मग निळ्या द्रवाचा एक थेंब, मग स्क्रू. तो द्रव वाळला की स्क्रू धरून ठेवतो. काढताना आधी गरम करायचं, द्रव सैल पडू द्यायचा. मी घाईने स्क्रूची किल्ली पिरगाळली तेव्हा तू माझ्या हातावर चापट मारलीस. "आधी ऊब, मग जोर. खाच गेली की बसशील रडत." गॅसवर आमटी उकळत होती. तू मधेच उठून ती ढवळून आलीस, हात धुतलेस, पुन्हा बसलीस. कुठल्या स्क्रूपाशी उठलीस ते मला आठवत नाही. आठवावं म्हणून मी फार प्रयत्न केलाय.

त्याच आठवड्यात तू दुकानात शाळेच्या बस ड्रायव्हरच्या स्नोमोबाइलचा क्लच केलास. पुढच्या शनिवारी तो विजेच्या तारांखालच्या वाटेवरून जात असताना क्लच फुटला. तुकडे झाकण फोडून त्याच्या मांडीत आणि गुडघ्यात घुसले. त्याला हॉस्पिटलात आणलं तेव्हा ड्यूटीवर बाबा होते. रक्त थांबवत असताना तो त्यांना म्हणाला होता, "डॉक, तुमच्या मिसेसनेच केला होता ना तो क्लच?" बाबा घरी आले ते जाकीट न काढताच स्वयंपाकघरात उभे राहिले. "पाय वाचेल," ते म्हणाले. "गुडघा नाही सांगता येत. एका वजनातला स्क्रू नाहीये म्हणे." तू पोळी लाटत होतीस. लाटणं खाली ठेवलंस आणि विचारलंस, "अहो, स्क्रू सापडला का?" बाबांचा आवाज चढला. "स्क्रू? माणूस तिथे पडलाय, आणि तू स्क्रू विचारतेस?"

तुला काय हवं होतं ते मला कळलं होतं, त्यांना नाही. स्क्रू मिळाला असता तर त्यावर निळं आहे की नाही ते दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी तू दुकानातलं मोठं लोहचुंबक काठीला बांधलंस आणि आपण दोघी त्या वाटेवर गेलो. तू वाकून, बर्फातून चुंबक ओढत चालली आहेस. साडीवरून चढवलेली ती तुझी जाड पँट, डोक्याला मफलर, नाकाचा शेंडा लाल. चुंबकाला बाटल्यांची झाकणं लागली, गंजका खिळा लागला. अंधारायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "आई, पुरे आता." तू म्हणालीस, "अजून त्या खांबापर्यंत."

मग तू हॉस्पिटलात गेलीस. बाबांनी बजावलं होतं, तिथे काही बोलू नकोस, ते केस करतील, आपलं घर जाईल. मला कार चालवायला लावलीस आणि त्याच्या पलंगापाशी उभी राहिलीस. त्याची बायको खुर्चीत होती, ती उठली नाही. तू सरळ म्हणालीस, "ते स्क्रू मी लावले होते. मी नीट लावले असं मला वाटतं. पण मला खात्रीने सांगता येत नाही. हे तुम्हाला सांगायला आले." त्याने छताकडे नजर वळवली. "मला ते ऐकायचं नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाला असतात की माझी चूक नाही, तर मला रागावता तरी आलं असतं." त्याने केस केली नाही. गुडघा कायमचा आखडला, बस चालवायचं काम सुटलं. तू वसंतापर्यंत दुकानात जात राहिलीस, मग सोडलंस. आपली गाडी ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. बाबांनी ती विकूही दिली नाही आणि पुढे श्रूजबरीला माझ्याकडे राहायला आले तेव्हा सोबत आणली. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही.

शेवटच्या आजारात एकदा तू झोपेतून उठून माझा हात धरलास. "मी थेंब टाकला होता गं. मला स्पष्ट आठवतंय." मग जरा वेळाने म्हणालीस, "पण मला सगळ्यांचेच आठवतात."

काल क्लच उतरवला. बाबा आता खूप थकलेत, तरी शाल घेऊन गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले. "ऊब दिलीस का आधी?" त्यांनी विचारलं. हे त्यांना ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या वजनाला गरम हवा दिली, किल्ली लावली. स्क्रू कुरकुरत सुटला. आट्यांत निळसर पूड भरलेली होती. तू त्या दुपारी लावलास तसाच होता तो, त्यानंतर त्याला कोणाचा हात लागलेला नव्हता. बाबा पुढे वाकले. "निळं आहे का?" "आहे." दुसराही तसाच निघाला. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवला. "मग त्याच्याही गाडीत टाकला असेल तिने," ते म्हणाले. "मी तिला एकदाही तसं म्हटलं नाही." एका गाडीवरून दुसरीचं काही सिद्ध होत नाही, हे मी बोलले नाही. म्हटलं, "गार पडलंय बाबा, आत चला, चहा करते." ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "तिचं काम चोख असायचं."

त्यांना आत बसवून मी परत आले. तिसऱ्या वजनाला ऊब द्यावीच लागली नाही. किल्ली लावली आणि स्क्रू बोटांनी फिरवावा तसा फिरत बाहेर आला. आटे स्वच्छ होते, चकचकीत, कोरडे. मी दिव्याखाली धरून पाहिला, नखाने खरवडून पाहिला. क्लच बसवल्यावर त्याच गाडीवर तू मला मागे बसवून तळ्यापलीकडे नेलं होतंस. मग तो स्क्रू खिशात टाकला आणि आत जाऊन चहा ठेवला. बाबांना सांगितलं, तिन्ही सारखेच निघाले. हे तुलाही सांगायचं नव्हतं.